चार बोटं मागे

१

ताई रोज सकाळी साडेआठला शेडचं कुलूप काढायची. आधी दार, मग दोन्ही खिडक्या, मग लेथवरचं फडकं. हा क्रम बाबांचा. बाबांना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं, पण शेडमध्ये अजून त्यांचंच राज्य होतं. पान्यांच्या जागा त्यांच्या, स्टूल त्यांचं, आणि तेलकट हात सटकायला लागले की तळव्यांवर खडू चोळायची सवयही त्यांचीच. ताई पन्नाशीला आली तरी खडू खिशात ठेवल्याशिवाय कामाला बसत नसे.

शेड बोटींच्या यार्डाच्या टोकाला होती. दारातून बाहेर पाहिलं की आधी टेकूंवर उभ्या केलेल्या बोटी दिसायच्या आणि त्यांच्या पलीकडे पाणी. त्या बोटींमध्ये बाबांची शिडाची होडी होती. तिचा शाफ्ट बदलायचं काम चाललं होतं. शाफ्ट म्हणजे इंजिनापासून निघून तळातल्या नळीतून बाहेर जाणारा पोलादी दांडा. त्याच्या बाहेरच्या टोकाला पंखा असतो. वारा असेल तेव्हा होडी शिडावर चालते. वारा पडला, किंवा धक्क्याला लागायचं असलं, की हा पंखा. बाबांनी बसवलेला शाफ्ट अठ्ठावीस वर्षं फिरून झिजला होता. इंजिन चालू केलं की दातांत खडा आल्यासारखा खडखडायचा आणि नळीच्या तोंडाशी पाणी ठिबकायचं.

काम घाईचं होतं, कारण धाकट्या भावाला पंधराच दिवसांची रजा होती. भाऊ बँकेत. त्याला या वर्षी पहिल्यांदा पोरीला घेऊन समोरच्या बेटापर्यंत जायचं होतं. पोरगी अकरा वर्षांची. दिवसभर तोंड चालू म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. भावजय मात्र तयार नव्हती. तिचं म्हणणं एकच होतं. बँकेत बसून नटबोल्ट कळत नसतात. तिने ताईला फोन करून सांगितलं, ताई, तुम्ही होडी ठीक आहे म्हणालात तरच मी पोरीला पाठवीन.

ताई म्हणाली होती, "मी बघते."

हे दोन शब्द तिने काही हलक्यात घेतले नव्हते.

२

शाफ्ट काढायला पूर्ण दिवस गेला. कपलिंग, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट यांना जोडणारी चकती, गंजून एकजीव झाली होती. भाऊ ठोकून ठोकून घामाघूम झाला. टकळी शिडीवर बसून त्याचे ठोके मोजत होती आणि दर पन्नासाला टाळ्या वाजवत होती.

कपलिंगच्या मागे, नळीच्या अलीकडे, शाफ्टवर बाबांचं कडं होतं. दोन अर्धगोल तुकडे दोन बोल्टनी आवळलेले, बस. ते काहीच करत नसे. नुसतं शाफ्टबरोबर फिरायचं. बाकीच्या बोटींना असं कडं नव्हतं. भावाने विचारलं, हे कशाला? ताईने सांगितलं. पंखा उलटा फिरवला की तो शाफ्टला मागे ओढतो. कपलिंगचे स्क्रू ढिले झाले तर शाफ्ट मागच्या मागे नळीतून सटकून समुद्रात जातो, आणि होडीच्या तळाला दोन बोटं रुंद भोक उरतं. या होडीचं सुकाणू पंख्यापासून लांब, त्यामुळे बाहेर अडवायला काही नाही. कडं मात्र नळीच्या तोंडाशी अडतं.

भाऊ म्हणाला, "अठ्ठावीस वर्षांत कधी अडलं का?"

"नाही."

"मग बाबांचा स्वभावच तो. पावसाळा संपला तरी छत्री घेऊन निघायचे."

दोघंही हसले. कड्याचे बोल्ट करवतीने कापावे लागले. ताईने ते दोन तुकडे रॉकेलच्या डब्यात टाकले, गंज सुटायला.

जुना शाफ्ट दोघांनी शेडमध्ये आणला आणि लांब टेबलावर, खाचा पाडलेल्या दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवला. इंजिनाकडचं टोक भिंतीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, पंख्याकडचं दाराकडे. बाबांचा नियम होता. नवा शाफ्ट पाण्यात चालून परत येईपर्यंत जुना टाकायचा नाही. माप चुकलं तर पुन्हा कुठून घेणार? ताईने शाफ्टच्या वरच्या अंगाला टोकापासून टोकापर्यंत खडूची सरळ रेघ ओढली, मापासाठी. मग फडकं टाकून, खिडक्या लावून घरी गेली.

३

दुसऱ्या दिवशी रेघ वर नव्हती. शाफ्टच्या एका अंगाला वळली होती. आणि दाराकडचं टोक ठोकळ्याच्या जरा जास्तच पुढे आलेलं वाटलं. ताईने बोटं लावून पाहिली. चार बोटं.

गोल वस्तू आहे, गडगडली असेल. तिने शाफ्ट मागे सरकवला, रेघ वर केली, आणि दिवसभर त्याच्या मापाने नवा शाफ्ट लेथवर उतरवत बसली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा चार बोटं.

खाचेतला दांडा गडगडत नाही, हे तिला कालही माहीत होतं. तिने पाणसळ आणून टेबलावर ठेवली. बुडबुडा दाराच्या बाजूला सरकला. म्हणजे दाराकडची बाजू वर होती, उतार होता तो भिंतीकडे. शाफ्ट सरकायचाच असता तर भिंतीकडे सरकला असता.

उंदीर? सहा किलोचा दांडा उंदीर कसा सरकवेल. यार्डातल्या क्रेनचे हादरे? क्रेनवाल्याला ती विचारायला गेली, रात्री क्रेन चालते का म्हणून. तो जाडजूड, सुस्त माणूस, यार्डात त्याला सगळे हत्ती म्हणत. त्याने डोळे चोळत सांगितलं की दिवसासुद्धा क्रेन चालवायला त्याला तीनदा हाक मारावी लागते, रात्रीचं काय विचारता.

ताई हसली आणि परत आली. संध्याकाळी तिने शाफ्टच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्या. घट्ट. घरी निघताना स्वतःलाच जरा वेड्यात काढलं.

चौथ्या दिवशी चारही पाचरी टेबलावर एका ओळीत मांडून ठेवलेल्या होत्या. लहान, मोठी, लहान, मोठी. शाफ्ट चार बोटं पुढे होता. त्याच्या दाराकडच्या टोकाखाली फरशीवर पाण्याचा एक थेंब होता. ताई खाली वाकली. बोट लावलं, जिभेला लावलं.

खारट.

बाहेर कोणीतरी बोटीचा तळ घासत होतं. ऊन चांगलं होतं. मग तिने फडक्याने थेंब पुसला, पाचरी डब्यात टाकल्या आणि कामाला लागली. त्यानंतर तिने एक केलं. कोपऱ्यातल्या टोकाकडे बघायचं टाळलं. भिंतीजवळच्या त्या अंधारात काही नव्हतं. तिथे तेलाचे डबे होते, जुनी दोरखंडं होती, बाबांचा निळा डगला खुंटीला होता. पण तिकडे मान वळेना.

भावाला तिने काहीच सांगितलं नाही. काय सांगणार? तो म्हणाला असता, ताई, तू दमली आहेस. आणि ती दमली होतीच.

४

नवा शाफ्ट नवव्या दिवशी बसला. नळीतलं रबरी बेअरिंग नवं, पंख्याचा नट नवा, कपलिंग नवं. ताई केबिनमध्ये पोटावर आडवी झाली होती, डोकं आणि दोन्ही हात इंजिनाखालच्या खोबणीत. नळीच्या तोंडाशी पॅकिंग, म्हणजे पाणी अडवणारी ग्रीस लावलेली दोरी, भरायचं काम नाजूक असतं. फार आवळलं तर शाफ्ट तापतो, ढिलं ठेवलं तर पाणी येतं. म्हणून बाहेर खाली उभं राहून कोणीतरी पंखा हाताने फिरवायचा आणि आतल्याने बोटांनी अंदाज घ्यायचा. बाहेर भाऊ होता.

कपलिंगचे स्क्रू भावाने सकाळीच आवळले होते. पॅकिंग झालं की कडं बसवायचं, एवढंच बाकी होतं. नवे बोल्ट तिच्या खिशात होते.

ती म्हणाली, "फिरव हळू."

शाफ्ट फिरू लागला. छान फिरत होता, दूध ओतल्यासारखा. तिने पान्याला अर्धा वळसा दिला, पुन्हा बोट टेकवलं. थंडगार पोलाद बोटाखालून सरकत होतं. बरोबर जमत आलं होतं. तिला मनापासून बरं वाटलं.

"बास, थांब आता."

शाफ्ट फिरतच राहिला.

"थांब म्हटलं ना."

"कोणाला म्हणतेस?" भावाचा आवाज आला, पण खालून नाही. तो वर केबिनच्या दारात उभा होता, दोन्ही हातांत चहाचे पेले घेऊन. "मी मघाशीच चहा आणायला गेलो. टकळीने सांगितलं नाही का तुला?"

ताईच्या बोटाखाली शाफ्ट अजून फिरत होता. सावकाश. मग तो थोडा मागे सरला, जेमतेम नखाएवढा, आणि थांबला.

ती कशी बाहेर आली, शिडी कशी उतरली, तिचं तिला कळलं नाही. होडीच्या मागे कोणी नव्हतं. पंख्याची तिन्ही पाती स्वच्छ, स्थिर. टकळी पार पलीकडे हत्तीशी गप्पा मारत होती. ती खरंच निरोप सांगायचं विसरली होती.

वारा असेल, ताईने स्वतःला सांगितलं. टेकूंवरच्या होडीचा पंखा वाऱ्याने फिरतोही कधी कधी. मग तिने पाहिलं की शेजारच्या बोटीवरचं फडकं सरळ खाली लोंबत होतं, तसूभरही हलत नव्हतं.

चहा तिने खालीच उभ्याने प्यायला. परत केबिनमध्ये जायला पाय उचलेनात. भाऊ म्हणाला, तू बस, उरलेलं मी आवरतो. तो वर गेला, खोबणीत डोकावला, पॅकिंग झालेलं दिसलं, वरची फळी बसवली, हत्यारं गोळा करून खाली आला. ताई इतका वेळ आत होती म्हणजे तिने सगळंच केलं असणार, असं त्याला वाटलं. आणि उरलेलं मी आवरतो म्हणाला म्हणजे त्याने कडं बसवलं, असं ताईला.

५

अकराव्या दिवशी हत्तीने होडी पाण्यात सोडली. त्या दिवशी त्याला एकदाच हाक मारावी लागली.

ताईने सांगून पाहिलं की होडी एक दिवस पाण्यात राहू दे, तळ पाण्यात बसला की इंजिनाची रेषा पुन्हा तपासायची असते. भाऊ म्हणाला, आज नुसती चाचणी, तासाभराची, बेटावर उद्या. टकळी आधीच जॅकेट चढवून होडीत बसली होती. भावजयीचा सकाळी फोन आला होता, आणि ताई तिला म्हणाली होती की होडी ठीक आहे.

टकळीने विचारलं, आत्या, तू का येत नाहीस? ताई कधीच जात नसे. चाचणीला एक पाण्यात आणि एक काठावर, हाही बाबांचाच नियम. पाण्यात बाबा असत, काठावर ती.

होडी इंजिनावर निघाली. आवाज स्वच्छ होता, खडखड नाही. धक्क्याच्या पलीकडे गेल्यावर भावाने हात हलवला. ताईला हलकं वाटलं. अकरा दिवसांत पहिल्यांदा तिला चक्क भूक लागली. शेड आवरून टाकू आणि जेवायला जाऊ, असं म्हणून ती आत आली.

जुना शाफ्ट जागेवर होता. रेघ वर होती. तिने आवराआवर सुरू केली. पाने खुंट्यांना लावले, केर काढला, रॉकेलचा डबा ओतून टाकायला उचलला. डबा हलताच तळाशी काहीतरी वाजलं. काय आहे ते तिला वाकून बघण्याआधीच कळलं होतं.

डब्यात कड्याचे दोन्ही तुकडे होते. गंज सुटून स्वच्छ झालेले.

तिचा हात आपोआप खिशाकडे गेला. दोन नवे बोल्ट. दोन दिवस ती ते खिशात घेऊन फिरत होती.

तिने फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. ती दारात आली. होडी बरीच लांब होती, मुठीत मावेल एवढी. शीड अजून गुंडाळलेलं. आणि मग होडी वळायच्या ऐवजी जागेवर थबकली, जशी इंजिन उलटं टाकल्यावर थबकते. भाऊ मागे घेऊन बघत होता.

तिच्या पाठीमागे, शेडमध्ये, काहीतरी फिरू लागलं.

६

आवाज तिच्या ओळखीचा होता. झिजलेल्या शाफ्टची ती खडखड.

ती वळली. ठोकळ्यांवर जुना शाफ्ट फिरत होता. खडूची रेघ वर येत होती, खाली जात होती, वर येत होती. आणि शाफ्ट तिच्याकडे सरकत होता. दाराकडे. चार बोटं, आणखी चार बोटं, वीतभर. टोकातून पाणी गळत होतं. आता थेंब नव्हता, धार होती.

ताईने विचार केला नाही. विचार केला असता तर ती पळाली असती. तिने तळव्यांवर खडू चोळला, बाबा चोळत तसा, इतक्या जोरात की खडूचा चुरा झाला, आणि दोन्ही मुठींनी शाफ्ट पकडला.

तिला वाटलं होतं थंड असेल. तसा तो होताच, पण पाण्याखालचं थंड. आणि त्याला ओढ होती. सहा किलोच्या दांड्याला नसते तशी, आख्खी खाडी पलीकडून ओढत असल्यासारखी. तिच्या चपला फरशीवरून घसरू लागल्या. तिने गुडघा टेबलाच्या पायाला लावला. शाफ्टचं फिरणं थांबलं, पण सरकणं थांबेना. भिंतीकडचं टोक कोपऱ्याच्या अंधारातून हळूहळू बाहेर येत होतं. ठोकळ्यावर आता चारच बोटं उरली होती. ते टोक सुटलं की संपलं, हे तिला माहीत होतं. कसं माहीत होतं ते विचारू नये.

"धरा," ती म्हणाली. कोणाला म्हणाली? "एकटीला नाही होत."

ओढ निम्मी झाली.

अगदी निम्मी. जशी जड वस्तू दुसऱ्याने पलीकडून उचलल्यावर होते. ताईने मान वर केली नाही. पण नजर कुठेतरी जातेच. खाली घातलेल्या पापण्यांच्या फटीतून तिला टेबलाचं दुसरं टोक दिसलं. तिथे शाफ्टवर, अंधारात, पांढरं काहीतरी होतं. खडूने माखलेलं. आणि त्याच्या वर निळ्या बाहीची दुमडलेली कड.

तिने डोळे मिटले आणि रेटलं. शाफ्ट मागे गेला. चार बोटं. आणखी चार. मग वीतभर. मग तो नुसता लोखंडाचा दांडा झाला, हलका, जुना, आणि ती त्याला धरून उभी होती.

कोपऱ्यात खुंटीवर डगला होता. किंचित हलत होता. दार उघडं होतं आणि आता वारा सुटला होता.

७

होडी शिडावर परत आली. ताई धक्क्यावर उभी होती, हात पुढे करून. दोर बांधला. टकळीला उचलून घेतलं, ती आता उचलण्याएवढी लहान राहिली नव्हती तरी. भावाने भावजयीला फोन करून सांगितलं की पोहोचलो, मस्त वारा होता. मग तो धक्क्यावरच मांडी घालून बसला.

त्याने सांगितलं ते असं. इंजिन उलटं टाकलं आणि काहीतरी सुटल्याचा झटका बसला. त्याने इंजिन बंद केलं, फळी उचलली. कपलिंग रिकामं होतं. होडी अजून मागे जात होती आणि शाफ्ट नळीत शिरत होता, डोळ्यांदेखत. तो पोटावर पडला, हात घातला, पण हात पोहोचेना. बाहेर चारच बोटं उरली होती.

"आणि थांबला, ताई. आपोआप. बरं, नुसता थांबला नाही, परत आत आला. वीतभर. मग मी पकड लावली आणि टकळीने दोर बांधला."

"मी तिहेरी गाठ मारली," टकळी म्हणाली. "पप्पा रडत होते."

"घाम होता तो."

ताई हसायला लागली. तिला थांबता येईना. भाऊही हसू लागला, हत्ती लांबून बघून हसू लागला, कशावर ते कळलं नसतानाही. मग ताईने खिशातले दोन बोल्ट काढून भावाच्या हातात ठेवले आणि बरोबर आणलेला डबा पुढे केला. तो कड्याकडे बघत राहिला. चूक कोणाची, हे कोणीच विचारलं नाही.

कडं बसवायला ती स्वतः खोबणीत उतरली. आता पाय उचलले. बॅटरी लावली. शाफ्टचा जो भाग नळीत जाऊन परत आला होता, त्यावर पांढरे डाग होते. पॅकिंगच्या ग्रीसमधून, खाऱ्या पाण्यातून येऊनही पुसले न गेलेले. मुठींचे ठसे, एकापुढे एक, चार. नळीकडचे दोन अरुंद होते. तिने आपली मूठ त्यावर ठेवून पाहिली. बोटाला बोट लागलं. इंजिनाकडचे दोन रुंद होते.

त्यांवर तिने मूठ ठेवली नाही. शाफ्ट पुन्हा कपलिंगला जोडला, स्क्रू स्वतः आवळले, कडं बसवलं, दोन्ही बोल्ट आवळले, आणि फडक्याने सगळं पुसून वर आली.

तेराव्या दिवशी होडी बेटावर जाऊन आली. टकळी चार तास अखंड बोलली, असं भावाने सांगितलं. त्या दिवशी सकाळी जुना शाफ्ट जागचा हलला नव्हता, आदल्या दिवशीही नाही. फरशी कोरडी होती.

संध्याकाळी भाऊ शेडमध्ये आला. "नवा चालून आला. आता हा टाकायचा ना?"

"टाकू या," ताई म्हणाली.

भावाने मधोमध हात घातला. ताईने त्याला जरा बाजूला सारलं आणि पहिल्यांदाच कोपऱ्यातल्या टोकाकडे जाऊन उभी राहिली. खाली दोरखंडं होती, तेलाचे डबे होते. तिने शाफ्टला हात लावला आणि थोडी थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. त्यांना सोडू दे."

मग शाफ्ट सहज वर आला, आणि दोघांनी मिळून तो बाहेर उन्हात नेला.